सूचनाफलक आणि महाजाल

काही वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. पावसाळ्यातील एका सायंकाळी आमच्या धर्मग्रामातील एक तरुणी आपल्या आईसह आम्हांला भेटावयास आली. तिचा विवाह पूर्वी एके ठिकाणी ठरला होता. रीतीप्रमाणे तिचे व नियोजित वराचे नाव तीन रविवार चर्चच्या सूचनाफलकावर लागले आणि साप्ताहिक पत्रकातही छापले गेले. पुढे तो विवाह मोडला. त्यात तिचा काडीचाही दोष नव्हता. गावाने चार महिने चर्चा केली आणि मग गाव ते विसरले. निदान विसरल्यासारखे वागू लागले. एकत्र राहणाऱ्या माणसांना बहुधा तेवढे पुरते.

दोन वर्षांनी दुसरे स्थळ आले. बोलणी बरीच पुढे गेली. मग मुलाकडच्या कोणी तरुणाने सहज म्हणून तिचे नाव मोबाइलवर शोधले, तेव्हा सर्वांत वर आले ते आमच्याच धर्मग्रामाचे जुने पत्रक. त्यात दोघांची नावे, आईवडिलांची नावे, वाडीचा पत्ता, तारखा असे सारे होते. ‘हिचे लग्न झाले होते काय?’ असा प्रश्न त्या घरात उभा राहिला. त्याचे उत्तर सरळ होते आणि आम्ही ते लेखीही दिले असते. परंतु संशय उत्तराची वाट पाहत बसत नाही. ते स्थळ गेले.

ती भांडावयास आली नव्हती. तिने एवढेच विचारले, ‘फादर, हे अजून कोणाकोणाला दिसते?’

आमच्यापाशी उत्तर नव्हते. ते पत्रक महाजालावर ठेवण्याचा निर्णय आमचाच होता. पालकीय मंडळाच्या सभेत एका उत्साही तरुणाने धर्मग्रामाचे संकेतस्थळ तयार केल्याचे सांगितले आणि साप्ताहिक पत्रक दर आठवड्यास तेथे ठेवावे असे सुचवले. परदेशी गेलेल्या आपल्या लोकांना गावची खबर मिळेल, असा त्याचा युक्तिवाद होता. सर्वांनी टाळ्या वाजवल्या. ह्या ठरावास पाच मिनिटेही लागली नसतील. त्याच सभेत यात्रेच्या मंडपाच्या भाड्यावर आम्ही पाऊण तास घालवला होता.

तिचा प्रश्न मात्र आमच्या मनातून गेला नाही. जी गोष्ट आपण आपल्या हाताने जाहीर केली, ती कोणी पाहावी हे ठरवण्याचा अधिकार आपल्याला उरतो काय? आणि उरत असेल तर तो नेमका कोणाचा? ज्याने कागद लावला त्याचा, की ज्याचे नाव त्या कागदावर आहे त्याचा?

वाचकहो, प्रथम हे पाहू की विवाहाची जाहीर सूचना, जिला आपण बॅन्स म्हणतो, ती मुळात कशासाठी आहे. १२१५ साली लॅटरन येथील चौथ्या धर्मपरिषदेने गुप्त विवाहांना आळा घालण्यासाठी अशी सूचना देण्याचा नियम सर्व ख्रिस्तसभेस लागू केला. १५६३ साली ट्रेंट येथील परिषदेने लागोपाठच्या तीन सणांच्या दिवशी ती वाचावी असे ठरवले. हेतू अगदी व्यावहारिक होता. वराचे अन्यत्र लग्न झाले आहे, वधूवरांचे जवळचे रक्ताचे नाते आहे, कोणावर बळजबरी होत आहे, असे काही कोणास ठाऊक असेल तर त्याने वेळीच पुढे येऊन सांगावे. आजच्या धर्मनियमांतही अशी अडचण ज्याला माहीत असेल त्याने ती विवाहापूर्वी कळवावी असे बंधन प्रत्येक श्रद्धावंतावर घातलेले आहे.

म्हणजे ती सूचना ऐकणाऱ्याला कामास लावणारी होती. ज्याच्या कानावर ती पडे, त्याच्यावर एक जबाबदारी येई. आणि ज्याच्या कानावर ती पडे तो त्या वधूला ओळखणारा, उद्या तिच्याच शेजारी बाकावर बसणारा, तिच्या घरच्या अंत्यविधीस खांदा देणारा मनुष्य असे. पाहण्याचा हक्क आणि पाहिलेल्याचे उत्तरदायित्व ही दोन्ही एकाच देहात वास करीत होती. गावात कुचाळक्या नव्हत्या असे आम्हांला म्हणावयाचे नाही. आम्ही गावातच वाढलो आहो. पण कुचाळकी करणारालाही तोंड दाखवावे लागे.

शिवाय जाहीर करणे काही वेळा घातक ठरते, हेही जुन्या लोकांना ठाऊक होते. म्हणूनच गंभीर कारण असल्यास बिशपांच्या परवानगीने गुप्तपणे विवाह लावण्याची तरतूद धर्मनियमांत आहे. त्याची नोंद नेहमीच्या नोंदवहीत होत नाही, ती धर्मप्रांताच्या गुप्त दप्तरात स्वतंत्रपणे राहते.

हाच प्रश्न आपल्या देशाच्या नागरी कायद्यापुढेही आला आहे. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली लग्न करू इच्छिणाऱ्यांना विवाह अधिकाऱ्याकडे आधी नोटीस द्यावी लागते. ती नोंदवहीत चढते, ती वही कोणालाही विनामूल्य पाहता येते, आणि नोटिशीची प्रत कचेरीत ठळक जागी लावली जाते. तीस दिवसांत हरकत घेता येते. १९५४ च्या कायदेकर्त्यांच्या डोळ्यांसमोर कचेरीची भिंत होती. त्या भिंतीपर्यंत जावयाचे तर एस.टी.ने तालुक्यास जावे लागे आणि कारकुनाच्या नजरेखाली उभे राहावे लागे. केवळ दुष्टपणा करण्यासाठी एवढा खटाटोप फारच थोडे लोक करीत. पुढे काही ठिकाणी ह्याच नोटिसा सरकारी संकेतस्थळांवर जाऊ लागल्या. केरळात अशा नोटिसा तेथून उचलून समाजमाध्यमांतून फिरवल्या गेल्या. भिन्न धर्मांच्या वधूवरांची नावे, छायाचित्रे व पत्ते अनोळखी लोकांच्या हाती पडले. अखेर जुलै २०२० मध्ये केरळ सरकारने त्या संकेतस्थळावर ठेवणे बंद करून पुन्हा कचेरीच्या फलकापुरत्याच ठेवल्या. जानेवारी २०२१ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने तर वधूवरांनी लेखी मागितले तरच नोटीस प्रसिद्ध करावी, असा निर्णय दिला.

केरळातील ह्या प्रकारात कायद्याचे एक अक्षरही बदलले नव्हते. नोटीस आधीही ‘जाहीर’च होती. बदलले होते ते केवळ अंतर. एस.टी.चा तो प्रवास, ती रांग, तो कारकून हेच इतकी वर्षे त्या वधूवरांचे खरे कुलूप होते, आणि ते कुलूप आहे हे कोणाच्या ध्यानीही नव्हते. कुलूप नकळत निघाले आणि आपण त्यास सुधारणा म्हटले. आमच्या पालकीय मंडळानेही तेच केले.

नीतिशास्त्राच्या वर्गात आम्हांला परनिंदेचे दोन प्रकार शिकवले होते. खोटे बोलून एखाद्याचे नाव बुडवणे हा एक. आणि खरा पण झाकलेला दोष सबळ कारणाशिवाय उघड करणे हा दुसरा. संत थॉमस अक्वायनस यांनी परनिंदेला चोरीहून गंभीर पाप मानले आहे, कारण सुनाम हे धनाहून मौल्यवान. हा विचार आम्हांला आजही पटतो. परंतु त्या तरुणीच्या प्रकरणास तो लावून पाहता तो कोठेच बसत नाही. पत्रकातील मजकूर खोटा नव्हता. तो दोष उघड करणारा नव्हता. लग्न ठरणे हा काय दोष झाला? तो झाकलेलाही नव्हता. सरळ, खरा, निरुपद्रवी मजकूर होता, आणि तरीही त्याने एका मुलीचे नुकसान केले. ते झाले कारण तो भलत्या वेळी, भलत्या माणसास, त्याला समजून घेण्यास लागणाऱ्या साऱ्या संदर्भाविना सापडला.

धर्मगुरूंच्या प्रवचनांत कोंबडीच्या पिसांची एक गोष्ट नेहमी येते. ती संत फिलिप नेरी यांच्या नावावर सांगतात. निंदा करणाऱ्या बाईस संतांनी रस्त्याने पिसे उपटत यावयास सांगितले आणि मग ती सारी परत गोळा करून आण म्हटले. आम्ही स्वतः ही गोष्ट पन्नास वेळा सांगितली असेल. महाजालास मात्र ती उलटी लागू पडते. तेथे पिसे विखुरतात हे खरे, पण शोधयंत्रास नाव सांगताच ती निमिषार्धात गोळा होऊन पुढ्यात पडतात. एरवी वारा दयाळू होता. तो पिसे शेतात, ओहोळात नेऊन टाकी आणि ती कुजून जात.

स्पेनमधील एका गृहस्थांचा खटला येथे आठवतो. १९९८ साली बार्सिलोनाच्या ‘ला व्हॅन्ग्वार्डिया’ ह्या दैनिकात त्यांच्या मालमत्तेच्या लिलावाची सूचना छापली गेली. सामाजिक सुरक्षेची थकबाकी वसूल करण्यासाठी सरकारच्या आदेशानेच ती छापली होती. कर्जाचा विषय मिटला. पण दशकभरानंतरही त्यांचे नाव गूगलवर शोधले की ती सूचना वर येई. २०१० साली त्यांनी तक्रार केली आणि १३ मे २०१४ रोजी युरोपीय संघाच्या न्यायालयाने निकाल दिला. दैनिकाच्या दप्तरातील तो मजकूर स्पेनच्या अधिकाऱ्यांनी तसाच राहू दिला होता, कारण तो कायद्याने छापलेला होता. मात्र एखाद्याचे नाव घेऊन शोध केला असता जुनी व गैरलागू झालेली माहिती पुढे येत असेल, तर शोधयंत्राने तो दुवा काढावा, असे न्यायालयाने ठरवले. म्हणजे कागद फाडावयाचा नाही. तो कोणी हाक मारताच धावत येणार नाही एवढे पाहावयाचे. हा भेद आम्हांला फार मोलाचा वाटतो. त्या गृहस्थांचे नाव ह्या खटल्यामुळे जगभरच्या कायद्याच्या पुस्तकांत गेले. आम्ही ते येथे मुद्दाम लिहीत नाही.

आपल्याकडे २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे एकमताने सांगितले, आणि २०२३ साली वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा संसदेने केला. तथापि जी माहिती मनुष्याने स्वतः जाहीर केली, किंवा जी कायद्याने जाहीर करणे भाग होते, तिला हा कायदा लागू नाही. म्हणजे एकदा भिंतीवर लागले की संरक्षण संपले. आमच्या अल्प मतीप्रमाणे सारा प्रश्न तर तेथूनच सुरू होतो.

संकेतस्थळ सांभाळणाऱ्या त्या तरुणास आम्ही विचारले, बाबा रे, दार लोटून घेण्याची काही सोय? त्याने एका फाइलची माहिती दिली. १९९४ पासून संकेतस्थळांवर ‘रोबॉट्स’ नावाची एक छोटी फाइल ठेवण्याचा प्रघात आहे. शोधयंत्रांनी अमुक पानांकडे फिरकू नये, असे तीत लिहिता येते. पण ते केवळ लिहिणे आहे. बागेत ‘फुले तोडू नयेत’ अशी पाटी असते, तशातला प्रकार. सभ्य माणूस पाळतो. ज्याला तोडावयाचीच आहेत त्याला मात्र फुले कोठे आहेत हे पाटीवरूनच कळते, कारण ती फाइल कोणालाही उघडून वाचता येते! खरे कुलूप म्हणजे परवलीचा शब्द. पण बाराशे कुटुंबांना एकच परवलीचा शब्द दिला तर तो संध्याकाळपर्यंत सर्व व्हॉट्सॲप गटांवर पोहोचतो. आणि पूर्वी जे उघडे होते त्याच्या नकला? इंटरनेट आर्काइव्ह नावाची अमेरिकेतील संस्था १९९६ पासून जगभरची पाने जपून ठेवीत आली आहे. इतिहासाच्या दृष्टीने ते पुण्यकर्मच म्हणावे लागेल. आम्ही आमची जुनी पत्रके काढून टाकली खरी, पण त्या मुलीला ‘आता दिसत नाही’ असे शपथेवर सांगू शकलो नाही.

इतके वाचून कोणी म्हणेल, मग सारेच झाकून ठेवावे. हे म्हणणे सोपे आहे, आणि ख्रिस्तसभेतील माणसाने तर ते म्हणण्यापूर्वी दहा वेळा विचार करावा. लहान मुलांवर धर्मगुरूंकडून झालेल्या अत्याचारांची कागदपत्रे अनेक देशांत धर्मप्रांतांच्या दप्तरांत वर्षानुवर्षे कुलुपात राहिली. ‘ख्रिस्तसभेचे सुनाम’ हे कारण तेव्हा पुढे केले गेले. ज्या शब्दांनी आम्ही वर त्या मुलीची कड घेतली, त्याच शब्दांनी गुन्हेगारांची कड घेतली गेली, आणि लेकरे मुकी राहिली. १७ डिसेंबर २०१९ रोजी पोप फ्रान्सिस यांनी अशा प्रकरणांवरील ‘पोपपीठाचे गुपित’ हे बंधन उठवले. ते फार आधी उठावयास हवे होते, असे आम्हांला प्रामाणिकपणे वाटते.

उलट बाजूने राजस्थानातील मजदूर किसान शक्ती संगठनचे उदाहरण घ्या. १९९४ पासून त्यांनी भरवलेल्या जनसुनवायांत गावच्या सरकारी कामांची हजेरीपत्रके मजुरांसमोर मोठ्याने वाचली जात. कोणाच्या नावाने किती मजुरी उचलली गेली हे जाहीर होताच लोक उठून म्हणत, हा तर कधी कामावर आलाच नाही, हा तर मरून गेला. ह्याच चळवळीच्या रेट्यातून माहितीच्या अधिकाराचा २००५ चा कायदा आला. तेथे गरिबाचे नाव व मजुरी चारचौघांत वाचली गेली, आणि त्यातच त्याचे रक्षण झाले.

तेव्हा केवळ उघडे की झाकलेले एवढ्याने काही ठरत नाही. पडदा ओढल्यावर त्याआड कोण उभे राहते, हे पाहावे लागते. दप्तराची किल्ली ज्याच्या कमरेला, त्याचेच कृत्य त्या दप्तरात असेल, तर झाकण्याचा निर्णय त्याच्याकडे असता कामा नये. हजेरीपत्रक लिहिणाऱ्या मुकादमास ते खाजगी आहे असे म्हणता येणार नाही. पण विवाहाच्या सूचनेत नाव असते ते वधूवरांचे, आणि किल्ली असते आमच्याकडे. तेथे तर आम्ही त्यांना विचारलेही नव्हते.

आमच्या ह्या विचारावर त्या तरुणाने घेतलेली एक हरकत आम्हांला अजून सतावते. तो म्हणाला, ‘फादर, तुम्ही म्हणता सूचना ओळखीच्या माणसांसाठी आहे. पण ओळखीची माणसे आता गावात आहेत कोठे? मुलगा दहा वर्षे कुवेतला होता. त्याचे तेथे काय झाले हे कुवेतच्या माणसालाच ठाऊक. तो तुमचा फलक कसा वाचणार?’ हे खोटे नाही. परदेशात लग्न करून येथे पुन्हा बोहल्यावर चढू पाहणारा मनुष्य आम्हीही एकदा पाहिला आहे. अशा वेळी वधूच्या बापाला जगभर दवंडी पिटावीशी वाटली तर त्याला दोष कसा द्यावा?

तरीही ह्या अडचणीवर ख्रिस्तसभेची एक जुनी व्यवस्था आहे आणि ती दवंडीची नाही. आपला विवाह जगात कोठेही धर्मविधीने लागो, त्याची खबर आपला बाप्तिस्मा जेथे झाला त्या धर्मग्रामास धाडली जाते आणि तेथील बाप्तिस्म्याच्या नोंदवहीत आपल्या नावासमोर टिपली जाते. लग्नापूर्वी तुमच्याकडे बाप्तिस्म्याचा ताजा दाखला मागतो तो ह्याचसाठी. आईच्या कपाटातला पिवळा पडलेला दाखला चालत नाही म्हणून पुष्कळ पालक आमच्यावर चिडतात. त्यांनी हे ध्यानी घ्यावे. ही वही भिंतीवर टांगलेली नसते. ती कोणी सहज चाळू शकत नाही. ज्याला विचारण्याचे कारण आहे त्याने विचारावे, आणि विचारले तेवढ्याचेच उत्तर मिळावे. ही व्यवस्था निर्दोष नाही. खबरी पोहोचत नाहीत, टिपणे राहून जातात, आणि नुसते नागरी लग्न झाले असेल तर वहीला ते कळतही नाही. तो कुवेतचा मुलगा तिच्यातून निसटू शकतो. तेव्हा त्या तरुणाच्या हरकतीचे आम्ही पूर्ण निरसन केले असा आमचा दावा नाही. मात्र एकाच्या लबाडीचा शोध लागावा म्हणून शंभर निरपराध मुलींची नावे, आईबाप आणि पत्ते कायमचे चव्हाट्यावर ठेवावेत, हे आमच्या बुद्धीस पटत नाही.

आता आमच्या धर्मग्रामात विवाहाच्या सूचना फक्त फलकावर लागतात आणि मिस्सानंतर वाचल्या जातात. महाजालावरील पत्रकात मिस्साच्या वेळा, सणांची माहिती एवढेच असते. आजाऱ्यांची नावे, देणगीदारांची यादी, पहिला ख्रिस्तप्रसाद घेणाऱ्या मुलांची छायाचित्रे हे सर्व आम्ही काढले. देणगीदारांपैकी काहींना हे मुळीच आवडले नाही, आणि त्यांनी तसे स्पष्ट सांगितले. असो.

गेल्या हिवाळ्यात एका जोडप्याची तिसरी सूचना फलकावर होती. मिस्सा आटोपून आम्ही बाहेर आलो तो एक वयस्क गृहस्थ मोबाइल उंच धरून त्या कागदाचा फोटो घेत होते. आम्ही थबकलो. आम्हांला पाहून ते हसले आणि म्हणाले, ‘फादर, माझा पुतण्या हा. मुलगा कॅनडात आहे, त्याला पाठवतो. तो येऊ शकत नाही लग्नाला.’ फोटो नीट आला नव्हता, काचेवर उजेड पडत होता. त्यांनी आम्हांला फलकाचे दार थोडे उघडावयास सांगितले. किल्ली आमच्या खिशात होती. आम्ही ते उघडले.